गोटा केला, पैसे जमले, आता केस वाढवायचं मन होत नाही

म्हादयकाठ | १९ मे २०२४, रात्री १०.१२

चार वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय तो डोक्याबद्दल, सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईजवळच्या गावातली. वय ४४, हायस्कुलात विज्ञान शिकवते. गेल्या रविवारी, १२ तारखेला, गावच्या देवळाच्या मंडपात शंभरेक माणसांसमोर मी चमनगोटा करून घेतला. नवस नव्हता. घरात कोणी गेलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण गेले आठ दिवस रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस आवाज खाली आणून एकच विचारतं, "कोण गेलं गो?"

नणंदेला फेब्रुवारीत स्तनाचा कॅन्सर निघाला. ती ३८ वर्षांची, केमोसाठी माहेरी म्हणजे आमच्याकडेच राहते. पहिली केमो मार्चमध्ये बांबोळीला, सरकारी रुग्णालयात झाली आणि सतराव्या दिवशी सकाळी तिच्या उशीवर केसांची चटई पडलेली होती. दुपारी न्हाणीघराची मोरी तुंबली. ती मी उपसली. ओल्या केसांचा तो गोळा हाताला लागला तेव्हा मी नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. चार दिवसांनी तिने नवऱ्याला बोलावून उरलेल्यांवर मशीन फिरवून घेतलं.

तिच्या औषधांचा भार आमच्यावर फारसा नाही. पण बांबोळीला जाता-येता लक्षात आलं की आमच्याच पंचायतीतली दोन घरं मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात खेपा घालतायत. एका घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, रक्ताचा कॅन्सर. बापाचा रोज बुडतो, आईचा काजू कारखाना सुटला. महिला मंडळाने पावतीपुस्तक काढलं. दोन महिन्यांत अकरा हजार. मग ठरलं की गोटा करायचा आणि त्यावर पैसे मागायचे. अकरा डोकी तयार झाली, नऊ पुरुष आणि बायकांत मी आणि आमची अंगणवाडी मदतनीस. जमले १,३८,४५०. यात एका चुलत सासऱ्यांनी मी गोटा करावा म्हणून ५०१ दिले आणि दुसऱ्यांनी करू नये म्हणून १,००१. मंडळाने दोन्ही पावत्या फाडल्या.

पार्लरवालीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "टीचर, पैसे देते, पण हे काम माझ्या हातून नको." खरंच ५०० दिले. शेवटी बाजारातला म्हातारा न्हावी तयार झाला, त्याची अट एकच, पहिली कात्री घरच्या बाईने लावायची. सासूबाई मंडपात आल्या नाहीत. नणंदेने लावली.

वेणी गेली तेव्हा काही वाटलं नाही. मशीनच्या वेळीही नाही. पाण्याचा हात फिरवून वस्तरा लागला आणि खर्र खर्र ऐकू यायला लागलं ते कानांनी नाही, कवटीच्या आतून, तेव्हा पोटात गोळा आला. मग तुरटीचा खडा. झोंबला. संपलं.

आता खरी गोष्ट. मला हे भयंकर आवडलंय. पहिल्या दिवशी संध्याकाळी डोक्यावरून पहिला तांब्या ओतला आणि मी न्हाणीघरात एकटीच हसले. पाणी आजवर केसांवर पडत होतं, माझ्यावर पडलंच नव्हतं! पंखा कुठल्या कोपऱ्यातून वारा देतो ते कळतं. उशीची थंड बाजू कळते. डाव्या कानामागे एक जुनी खोक सापडली, आईला फोन केला तर म्हणाली, तीन वर्षांची असताना उंबऱ्यावर पडली होतीस. मी ४१ वर्षं ती डोक्यावर घेऊन हिंडतेय आणि मला पत्ता नाही.

आणि इथेच माझा घोळ आहे. केलं कॅन्सरसाठी, आणि मजा मला येतेय. नणंद आरशावर टॉवेल टाकून ठेवते, मी मात्र येता-जाता कपाटाच्या काचेत डोकं बघते. हे बरं आहे का? कोणी असं केलंय? पुढे केस वाढवलेत की नाही?

विंडस्क्रीन | १९ मे, रात्री १०.५०

या या! आमच्या संघात स्वागत. मी अठ्ठाविसाव्या वर्षी निवड न होता आपोआप संघात आलो, गेली सोळा वर्षं कप्तान आहे.

अनुभवाचे बोल. एक, केस हा डोक्याचा अँटेना असतो. जुन्या घराची ठेंगणी दारं, फणसाची फांदी, कदंब बसमधला वरचा दांडा, हे सगळं लागायच्या आधी केसाला कळतं आणि मान आपोआप खाली जाते. आता कळणार नाही. पहिल्या महिन्यात तीनदा तरी आपटाल. दोन, ऊन. टाळू तुमच्या चेहऱ्यापेक्षा गोरी निघाली असेल, ती आजवर उन्हात आलेली नाही. मे महिन्यात सनस्क्रीन न लावता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार केलात तर रात्री उशीला डोकं टेकवता येणार नाही. मी केलाय. तीन, हेल्मेट एक नंबर सैल होतं, आत सुती रुमाल बांधा.

केस वाढवावेत की नाही याबद्दल काही सांगू शकत नाही, मला कोणी विचारलंच नव्हतं.

काजूबोंड | १९ मे, रात्री ११.०५

>>पाणी आजवर केसांवर पडत होतं, माझ्यावर पडलंच नव्हतं

हे वाक्य वाचून उठून आरशात बघून आले. नवरा विचारतोय काय झालं. सांगितलं नाही अजून.

तर्कट | २० मे, सकाळी ७.३०

कौतुक आहे, पण एक प्रश्न राहतोच. पैसे द्यायचे तर द्या, त्याला तमाशा कशाला? तुमच्या केस कापण्याने त्या मुलाच्या पेशींवर काय परिणाम होणार? ही सगळी परदेशी फॅशन आहे, बादली डोक्यावर ओतणं वगैरे त्यातलीच. मंडपात शंभर माणसं जमवण्याऐवजी शंभर रक्तदाते जमवले असते तर रक्ताच्या कॅन्सरवाल्याला जास्त उपयोग झाला असता.

म्हादयकाठ | २० मे, दुपारी १.१५

@विंडस्क्रीन, आजच गोठ्याच्या वाश्याला आपटले. एक झालं, दोन बाकी.

@तर्कट, रक्तदानाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मंडळाच्या वहीत लिहिलाय. पण तमाशाचं ऐका. तीच माणसं, तेच गाव, तेच कारण. पावतीपुस्तक घेऊन गेलो तेव्हा "सुट्टे नाहीत, मागाहून या" म्हणणारी घरं होती. टीचर गोटा करणार कळल्यावर त्यांनीच बोलावून दिले. मलाही आधी राग आला होता, पैसे मुलासाठी द्यायचे की माझ्या वेणीसाठी? पण वेणीने निघत असतील तर वेणी घ्या. दोन महिन्यांत अकरा हजार आणि एका सकाळीत सव्वा लाखावर, यापुढे माझ्याकडे युक्तिवाद नाही.

सासष्टीकार | २० मे, दुपारी ३.४०

परदेशी फॅशन म्हणालात म्हणून. मी मेलबर्नला आहे, मूळ मडगावचा. इथे ल्युकेमिया फाउंडेशन १९९८ पासून 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट शेव्ह' करतं, मार्चमध्ये ऑफिसात हमखास दोन-तीन जण गोटे होऊन येतात. अमेरिकेत मुलांच्या कॅन्सरसाठी 'सेंट बाल्ड्रिक्स' आहे. ते सुरू झालं १७ मार्च २०००ला, मॅनहॅटनमध्ये, विमा धंद्यातल्या तिघांच्या डोक्यातून. सेंट पॅट्रिक्स डेची पार्टी होती, त्यात 'बाल्ड' घुसवून नाव केलं. सतरा जणांनी सतरा हजार डॉलर जमवायचे ठरलं होतं, बसले एकोणीस आणि जमले लाखावर.

आपल्याकडे १७ मार्च म्हटलं की पर्रीकर आठवतात, २०१९ची ती संध्याकाळ. तेही कॅन्सरनेच गेले. असो, तारखांचा योगायोग.

मी स्वतः दोनदा केलाय. तिसऱ्यांदा बायको नको म्हणाली, तुझं डोकं मागून चपटं आहे म्हणून. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिला हे कळलं.

बांबोळी_नाइट_ड्यूटी | २० मे, रात्री ११.२०

नणंदबाईंना शुभेच्छा. नर्स आहे, कुठे ते आयडीवरून कळेलच, जास्त विचारू नका.

बऱ्याच घरांत गैरसमज असतो म्हणून लिहिते. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करते. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात भराभर वाढणाऱ्यांपैकी, त्यामुळे त्या फुकट मार खातात. पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत गळती सुरू होते, म्हणजे सतरावा दिवस अगदी पुस्तकातला. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. रेडिएशनने फक्त जिथे किरण देतात तिथलेच जातात, छातीला शेक दिला तर डोक्याचे नाही जात. आणि केस गेले म्हणजे औषध लागू पडलं, राहिले म्हणजे नाही पडलं, असंही काही नसतं. हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो.

महत्त्वाचं: रुग्णाच्या डोक्याला वस्तरा लावू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना बारीकसा कापाही महागात पडतो. नणंदेच्या नवऱ्याने मशीन फिरवलं ते बरोबर केलं. वस्तरा, तुरटी ही चैन तुमच्यासारख्या धडधाकटांची.

पुन्हा_कुरळी | २१ मे, सकाळी ९.०२

दोन वेळा लिहिलं आणि पुसलं. तिसऱ्यांदा लिहिते.

मी पेशंट होते. सहा वर्षं झाली. माझ्या वेळी ऑफिसातल्या दोघांनी माझ्यासाठी गोटा केला, मला न विचारता. केक आणला, फोटो काढले, मला मध्ये उभं केलं. मी रुमाल बांधलेला. फोटोत ते दोघं हसतायत. त्यांचे केस दोन महिन्यांत आले. माझ्या तेव्हा आणखी चार केमो बाकी होत्या. मला त्यांचा राग आला होता आणि राग आल्याची लाज वाटली होती, कारण त्यांनी चांगल्या मनाने केलं होतं.

आणि लोक केसांचंच बोलतात. मला डोक्यावरच्या केसांची आठवण सगळ्यात कमी आली. पापण्यांची आली. पापण्या नसल्या की स्कूटरवर डोळ्यात सगळी धूळ. नाकातले केस गेले की नाक सारखं गळतं. तुळशीपुढे रांगोळी काढायला वाकले आणि टपकन थेंब पडून पाकळी पुसली गेली, तेव्हा मी रडले. डोक्यासाठी कधी रडले नाही.

म्हणून विचारते, नणंदेला विचारलं होतं का?

(आयडीचं कारण: सरळ केस गेले, कुरळे आले. वर्षभर टिकले, मग पुन्हा सरळ. मला कुरळे आवडले होते.)

म्हादयकाठ | २१ मे, रात्री ९.४८

@पुन्हा_कुरळी, तिसऱ्यांदा लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. तुमचं लिहिणं नणंदेला वाचून दाखवलं. नाकाच्या थेंबावर ती म्हणाली, "हां! हेंच!" आणि बराच वेळ हसत होती. तिला वाटत होतं हे फक्त तिचंच होतं, म्हणून डॉक्टरला सांगितलंही नव्हतं.

विचारलं होतं का? कल्पनाच तिची. पावतीपुस्तकाचा हिशेब मांडत बसले होते, ती बाजूला पडली होती. म्हणाली, "वहिनी, तू गोटा कर. मग बघ कशी पाकिटं उघडतात." मी हसले. ती म्हणाली, "मी मस्करी करत नाही. माझे फुकट गेले, तुझे तरी विकले जाऊंदेत." पण एक अट घातली. तिचं नाव बॅनरवर नको, माइकवर नको, आणि तिला खुर्ची नको. मंडपात ती मागे खांबाला टेकून उभी होती. कात्रीसाठी पुढे आली ती न्हाव्याच्या अटीमुळे.

तुम्हाला मध्ये उभं केलं, ते वाचून वाटलं की थोडक्यात वाचलो. आमच्या अध्यक्षबाईंच्या मनात तेच होतं, हार आणून ठेवला होता.

कोकणकन्या_स्लीपर | २२ मे, सकाळी ६.५५

धाग्याचं बाकी चालू द्या, मी कामाचं लिहितो. वडिलांना घेऊन तीन वर्षं परळला खेपा घातल्या.

कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत सवलत आहे आणि अर्ध्या लोकांना माहीत नसते. स्लीपर आणि थ्री टायर एसीला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा. कोकणकन्या थिवीहून रात्री धरली की सकाळी दादर. तिथे उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, परळ तिथून जवळ.

राहायला दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक तिथे राहतात. मुलगा नऊ वर्षांचा म्हणालात, तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं विचारा. २००६ पासून उपचाराला आलेल्या मुलांना आणि आईबापांना राहायला विनामूल्य जागा देतात. आपण थेट जाऊन चालत नाही, रुग्णालयामार्फत जावं लागतं, टाटातल्या समाजसेवा विभागात बोला. पहिल्या खेपेला मला कोणी हे सांगितलं असतं तर वडील तीन रात्री फुटपाथवर झोपले नसते.

म्हादयकाठ | २२ मे, सकाळी ७.२०

@कोकणकन्या_स्लीपर, हे कागदावर उतरवून मुलाच्या घरी पोचवलं. सवलतीचा दाखला त्यांना माहीत नव्हता. पाच खेपा पूर्ण भाड्याने केल्या.

करदाता_नाइलाजाने | २२ मे, सकाळी ११.३०

मलाही द्यायचेत. आयकरात वजावटीसाठी ८० जीची पावती मिळेल का?

म्हादयकाठ | २२ मे, दुपारी २.००

नाही हो, मंडळाकडे ती नोंदणी नाही, आम्ही थेट घरात देतो आणि हिशेब देवळाच्या फळ्यावर लावतो. तुम्हाला वजावट हवी असेल तर नोंदणी असलेल्या न्यासाला द्या आणि ऑनलाइन द्या, रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर वजावट मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतली असेल तर असंही काही उपयोग नाही. आमच्या स्टाफरूममध्ये यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी शिपायाने सगळ्यांत जास्त दिले.

जुनी_पाने | २२ मे, रात्री १०.१५

"कोण गेलं गो" वर कोणी बोललंच नाही. पुरुषाने गोटा केला तर बाप गेला किंवा तिरुपती. बाईने केला तर आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, लाल आलवणातल्या विधवेचं, आणि ते काही फार जुनं नाही. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली होती, यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव शेकडो न्हाव्यांनी केला. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर त्यांनी! त्यांनीच हात आखडला. तुमच्या म्हाताऱ्या न्हाव्याने "पहिली कात्री घरच्या बाईने" अशी अट का घातली असेल, याचा मी विचार करतोय.

सासूबाई मंडपात का आल्या नाहीत, हे विचारणं आगाऊपणाचं होईल का?

म्हादयकाठ | २३ मे, रात्री ११.३५

आगाऊपणाचं नाही. पण हे लिहायला एक दिवस लागला.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आदल्या रात्री सांगितलं होतं, "घरात एक बोडकी पुरे नाही झाली?" मी चिडले. नणंद तिथेच होती. नवरा मध्ये पडला आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी आलं, नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी मी गोटा करून घरी आले. त्या चुलीपाशी होत्या, वर बघितलं नाही. वेणी मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, ती त्यांनी घेतली, नीट सोडवून पुन्हा गुंडाळली, दोऱ्याने बांधली. मग म्हणाल्या, त्यांच्या माहेरी एक आतेआजी होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी परत. दर पंधरा दिवसांनी मागल्या दारी न्हावी यायचा, पुढल्या दारी त्याला यायची बंदी. आई तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. आतेआजी पाठमोरी बसायची आणि समोर भिंत असायची. आईंनी एकदा खेळता खेळता तिच्या डोक्यावर हात फिरवला, तर म्हातारीने हात धरून ठेवला, सोडलाच नाही. बराच वेळ. बस, एवढंच सांगितलं आणि भात उतरवायला उठल्या.

त्यामुळे मी म्हणते मला मजा येतेय, ती मजा कोणाकोणाला मिळाली नाही हेही आता माझ्या डोक्यावर आहे. खोक होतीच, त्यात हे.

@जुनी_पाने, न्हाव्याला मी विचारलं. तो म्हणाला, "टीचर, माझो आजो सांगतालो. बायलेच्या तकलेक आपल्या मनान वस्तरो लावप ना." म्हणजे, बाईच्या डोक्याला आपल्या मनाने वस्तरा लावायचा नाही. त्याहून जास्त बोलला नाही. गिऱ्हाईक होतं खुर्चीत.

तिसवाडकर | २४ मे, सकाळी ८.१०

न्हाव्याचं कोंकणी वाक्य वाचून बरं वाटलं. पण गोव्यातल्या माणसाने मराठीत धागा का काढावा हा प्रश्न पडतोच. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा १९८७ साली झाला ना?

म्हादयकाठ | २४ मे, सकाळी ८.२५

बाबा, राजभाषेचा वाद इथे नको. उपटायला डोक्यावर काही उरलेलं नाही.

विंडस्क्रीन | २४ मे, सकाळी ८.३१

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत वाचवल्याबद्दल संघातर्फे आभार.

काजूबोंड | २५ मे, दुपारी १२.४०

वेणीचं काय केलंत? माझी कमरेपर्यंत आहे, द्यायची आहे.

म्हादयकाठ | २५ मे, रात्री ९.१०

टोपासाठी दिली. चौदा इंच भरली. बहुतेक ठिकाणी किमान दहा-बारा इंच मागतात, काही ठिकाणी डाय केलेले नको म्हणतात, आणि वेणी सुकी हवी, ओली गुंडाळली तर कुजते. कापायच्या आधी दोन्ही टोकांना रबर लावा, मंडपात हे कोणाच्या लक्षात नव्हतं, अंगणवाडी मदतनीसचे निम्मे केस कोंबड्यांनी पसरवले. आणि एका वेणीचा एक टोप होत नाही, त्याला बऱ्याच जणींच्या वेण्या लागतात.

पण आधी एक सांगते. आमच्या नणंदेला टोप आणून दिला होता, चांगला, महागाचा. ती एकदा घालून बसली आणि म्हणाली, "डोक्यावर मांजर झोपल्यासारखं वाटतं." मे महिना, घाम. आता तो देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर डब्यात आहे. कोणाला हवा असेल तर ती खरंच द्यायला तयार आहे.

म्हादयकाठ | ११ जून, संध्याकाळी ६.३०

दोन गोष्टी.

शाळा सुरू झाली. मला वाटलं होतं कुजबुज होईल. नववीच्या वर्गात गेले, तीन सेकंद शांतता, मग मागच्या बाकावरून, "टीचर, आता उवा पण ना ना?" मी म्हटलं, ना. त्या विषयावर दहा मिनिटं गेली आणि त्यातून केसाचं मूळ, पेशी विभाजन असं करत मी बांबोळी_नाइट_ड्यूटी यांनी लिहिलेलं सगळं शिकवून टाकलं. धडा सहावा होता, आधी घेतला.

दुसरी, पाऊस. पहिली मोठी सर आली तेव्हा मी अंगणात वाळत ठेवलेलं आमसुलांचं सूप उचलत होते. उघड्या डोक्यावर सत्तरीचा पाऊस म्हणजे पत्र्याच्या छपराला काय वाटत असेल ते कळलं. टपोरे थेंब एकेक वेगळे मोजता येतात. सूप तसंच ठेवून उभी राहिले. आमसुलं भिजली, त्यावरून बोलणी खाल्ली.

आणि हो, महिना होऊन खुंट आले होते. टॉवेल डोक्याला चिकटतो, ब्लाउज काढताना अडकतो, उशी सोबत उठते. कोणी सांगितलं नव्हतं हे. काल बाजारात गेले, खुर्चीत बसले, न्हाव्याने विचारलं, "आता कोणाक पैशे?" म्हटलं, कोणाला नाही, असाच कर. त्याने चाळीस रुपये घेतले.

तर्कट | ११ जून, रात्री ८.००

या वेळी तमाशा नाही म्हणजे मला हरकत घ्यायला जागा नाही. तेवढं रक्तदानाचं काय झालं?

म्हादयकाठ | ११ जून, रात्री ८.४०

३० तारखेला शाळेच्या सभागृहात. तुम्ही येणार असाल तर सोलकढी देईन.

पुन्हा_कुरळी | १२ जून, सकाळी ७.१५

असाच कर. हे मला फार आवडलं. मुलासाठी नको, नणंदेसाठी नको, असाच.

मी घरी बसून मशीनने बारीक करायचा विचार करतेय. या वेळी माझ्या इच्छेने. अजून धीर होत नाही, पण विचार चालू आहे.

काजूबोंड | १४ जून, रात्री १०.३०

कापली. खांद्यापर्यंतच. नवरा म्हणतो छान दिसते. गोट्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

म्हादयकाठ | १० सप्टेंबर, रात्री १०.५५

धागा वर काढतेय. नणंदेच्या आठ केमो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. पुढे रेडिएशन आहे. मुलगा मुंबईतच आहे, त्याची आई आता तिथे नीट जागेत राहते, रिपोर्ट अजून वर-खाली होतात.

चवथीला सगळे जमले. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली दिवा लावायला वाकले आणि उठताना सुपारीचा घोस टाळूला असा लागला की डोळ्यांपुढे गणपतीसकट सगळं दोन-दोन दिसलं. @विंडस्क्रीन, तिसरं.

नणंदेला कोवळी लव आली आहे, करडी, बदकाच्या पिल्लासारखी. आरशावरचा टॉवेल निघाला. दर सकाळी ती येते, माझ्या डोक्यावर हात फिरवते, स्वतःच्या फिरवते, आणि म्हणते, "वहिनी, मी पुढे." मी दर पंधरा दिवसांनी बाजारात जाते, त्यामुळे शर्यत तिचीच.

दुपारी पंगतीला पेडण्याच्या मावशी होत्या, वर्षाने आलेल्या. माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि आईंना विचारलं, "कोण गेलं गो?"

आई खतखतें वाढत होत्या. म्हणाल्या, "कोणी नाही गेलं. तिला तसं आवडतं. तिरफळं बाजूला काढून खा, नाहीतर चावशील."